चोवीस तासांच्या पुढचं

२ सप्टेंबर, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस संपला आणि मला अजून कुणी हाकललेलं नाही, हे आधी लिहून ठेवते. हृदयतपासणी केंद्र घरापासून चालत अकरा मिनिटांवर आहे. आई म्हणते पंधरा, पण ती दर कुंपणावरचं फूल बघत चालते. इमारत दुमजली. खाली नोंदणी आणि मोठ्या डॉक्टरांची खोली, वर तपासण्या आणि टोकाला चार खाटांचा छोटा वॉर्ड. माझी खोली जिन्याला लागून आहे. एक पलंग, एक हिरवा पडदा, ईसीजीचं यंत्र, चालून दाखवायचा पट्टा आणि खिडकीखाली संगणक. पडद्याच्या चार कड्या गळाल्या आहेत, त्यामुळे तो एका बाजूने खांदा पाडून उभा असतो.

नोंदणीवरच्या बाईंना सगळे रेडिओ म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतंही. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी मला सांगून टाकलं की मोठे डॉक्टर चिडले की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. वॉर्डातल्या सिस्टर तोंडाने फटकळ पण मायेच्या. आणि माझ्या आधीचे टेक्निशियन सतरा वर्षं या खोलीत होते, पण बायको गेल्यावर एका दिवसात काम सोडून निघून गेले.

ही नोकरी मी आईसाठी धरली. वर्षभरात तिला तीनदा चक्कर आली, छातीत धडधड होते, आणि आधीच्या गावात हृदयाचा डॉक्टर गाठायचा म्हणजे दोन तासांचा प्रवास होता. इथे डॉक्टर अकरा मिनिटांवर. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. तिला काही झालं तर माझं म्हणावं असं माणूस उरत नाही. हे मी तिच्यापाशी बोलत नाही, कारण ती लगेच माझ्या लग्नाचा विषय काढते.

४ सप्टेंबर, बुधवार

हात बसायला लागला. दिवसाला पंधरा-वीस ईसीजी होतात. लोक पलंगावर आडवे झाले की श्वासच रोखतात. मी म्हणते, घ्या हो श्वास, त्याला बंदी नाही. आज एका आजोबांच्या छातीवरचे केस काढावे लागले, नाहीतर चिकटपट्टी बसत नाही. ते म्हणाले की डोक्यावर काही उरलेलं नाही, निदान तिथलं तरी राहू द्या.

उठताना प्रत्येकजण एकच विचारतो, सगळं ठीक आहे ना? आणि ते सांगायची मला परवानगी नाही. निकाल डॉक्टर सांगणार. टेक्निशियनने तोंड कोरं ठेवायचं. घरी आरशासमोर सराव करत होते तर आई म्हणाली की तुझं तोंड कसलं कोरं राहतंय, तुझ्या तोंडावर बातम्या लागतात.

खरं किचकट काम हॉल्टरचं. छातीवर पाच चिकटपट्ट्या लावायच्या, त्यांच्या वायरी एका छोट्या डबीला जोडायच्या आणि डबी कमरेला अडकवून माणसाला घरी पाठवायचं. ती चोवीस तास त्याचा प्रत्येक ठोका टिपते. दुसऱ्या दिवशी डबी काढून संगणकाला जोडायची, की दिवसभराची रेघ खाली तारीख-वेळेसकट पडद्यावर येते. डबी काढताना वायरी ओढल्या जातात, म्हणून शेवटचा भाग नुसता गिचमीड असतो. तो चोवीस तासांवर कापून बाजूला टाकायचा आणि स्वच्छ रेघ डॉक्टरांकडे पाठवायची. अशा चार डब्या आहेत. संगणकाच्या कडेला आधीच्या टेक्निशियनच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे: चोवीस तासांच्या पुढचं बघायचं नाही, कापायचं. खाली दोन रेघा मारल्या आहेत. शिस्तीचा माणूस दिसतो.

७ सप्टेंबर, शनिवार

काल आईला हॉल्टर लावला. तीन नंबरची डबी मोकळी होती, तीच लावली. घरभर ती कमरेवर हात ठेवून हिंडत होती आणि शेजारच्या काकूंना सांगत होती की मुलीने मला वायरिंग करून दिलंय. आज डबी काढली, रेघ बघितली, शेवट कापला, डॉक्टरांना पाठवली. ते म्हणाले की अधूनमधून एखादा ठोका इकडेतिकडे होतो, वयाला धरून आहे, घाबरण्यासारखं काही नाही.

माझा जीव भांड्यात पडला. जिन्यात उभी राहून थोडी रडले आणि मग तोंड धुऊन पुढच्या पेशंटला आत घेतलं. आई म्हणाली, बघ, उगाच गाव सोडलंस. पण खूश होती.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज एक गंमतच झाली. शिंपीकाका डबी परत द्यायला आले होते. कोपऱ्यावर त्यांचं दुकान आहे. वायरी सोडवेपर्यंत त्यांनी नुसत्या नजरेने मापून सांगितलं की माझा कोट खांद्यात दोन बोटं मोठा आहे, आणून द्या, हलका करतो. डबी तीन नंबरची. रेघ पडद्यावर आली आणि तेवढ्यात रेडिओबाईंनी खालून हाक मारली. मी कापायचं विसरून गेले. परत आले तर रेघ चोवीस तासांच्या पुढे चालतच होती. गिचमीड नाही, स्वच्छ. खाली तारीख होती गुरुवार, १२ सप्टेंबर. परवाची. सकाळी पावणेअकरापासून ठोके बहात्तर, चौऱ्याहत्तर. अकरा वाजून सतरा मिनिटांनी एकदम दीडशेच्या वर उडी. मग सगळं विस्कटलेलं. अकरा वीसला रेघ सपाट.

डबीचं घड्याळ बिघडलेलं असणार, आणि जुन्या कुणाचं तरी रेकॉर्डिंग आत राहून गेलं असणार. शेवट कापला. तपासणी परत करावी लागेल.

१२ सप्टेंबर, गुरुवार

रेडिओबाईंना सांगितलं होतं की शिंपीकाकांना सवडीने फोन करून परत बोलवा. त्यांनी आज केला. म्हणाल्या, काका काही न बोलता गप्पच झाले, मग फोन तसाच राहिला. मी विचारलं किती वाजता. अकराच्या पुढे, असं म्हणाल्या.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

शिंपीकाका गेले. त्यांच्या बायकोचा भाऊ कागदपत्रांसाठी आला होता. काल दुकानातच, हातात फोन. डॉक्टर येईपर्यंत साडेअकरा वाजून गेले होते, पण शेजारचा म्हणतो की अकरा वीसलाच ते खुर्चीतून घसरले.

रेडिओबाई दिवसभर एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं की तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी विचित्र दिसतंय, परत या.

योगायोग असेल. मी आज जेवले नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

कापलेले तुकडे पुसले जात नाहीत, एका फोल्डरमध्ये साठतात, हे आज शोधून काढलं. एक, दोन आणि चार नंबरच्या डब्यांचे तुकडे दोन-तीन मिनिटांचे आहेत, नुसती गिचमीड. तीन नंबरचे सगळे अर्ध्या-पाऊण तासाचे. स्वच्छ. प्रत्येकाखाली पुढची तारीख, आणि प्रत्येकाच्या टोकाला सपाट रेघ.

चार उघडले. दोघांच्या तारखा मागच्या महिन्यातल्या होत्या. त्यांची नावं सहज म्हणून रेडिओबाईंना विचारली. दोघेही त्याच तारखांना गेलेत. त्यांच्या रेघेत उडी नव्हती, ठोके आपले सावकाश थकत गेले होते. एका बाईंची तारीख अकरा वर्षं पुढची आहे, ते बघून जरा बरं वाटलं. चौथा तुकडा निवृत्त पोस्टमास्तरांचा, गेल्या आठवड्यात मीच डबी लावली होती. बुधवार, १८ सप्टेंबर, सकाळी दहा वाजून सहा मिनिटं.

पाचवी फाइल आईची. उघडली नाही. अकरा वर्षं असतील. वीसही असतील. तिची आई नव्वदीपर्यंत ठणठणीत होती.

१६ सप्टेंबर, सोमवार

पोस्टमास्तरांना गाठायचंच असं ठरवलं आहे. निकाल सांगायचा नाही हा नियम गेला चुलीत. काल त्यांच्या घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले की मुलीकडे गेलेत, बुधवारी सकाळी येतील. मुलीचा नंबर कुणाकडे नाही. बुधवारी सकाळपासून घरच्या नंबरवर फोन लावत राहीन. नुसतं म्हणेन की तपासणीला या, आणि इथे वॉर्डात झोपवून ठेवीन. सिस्टर मदत करतील.

१८ सप्टेंबर, बुधवार

नऊपासून फोन लावत होते. कुणी उचलत नव्हतं. अखेर उचलला. मी केंद्राचं नाव सांगितलं आणि म्हटलं की घाबरू नका, पण लगेच इथे या. त्यांनी विचारलं, काय निघालं? मी म्हटलं, तुम्ही आधी या. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि त्यांची मुलगी बाबा, बाबा करत राहिली.

फोन ठेवल्यावर घड्याळ बघितलं. दहा वाजून सहा मिनिटं.

मग त्यांचा तुकडा परत उघडला. शनिवारी मी फक्त शेवट बघितला होता. दहा वाजून तीन मिनिटांनी ठोक्यांनी उडी मारली आहे. तो माझा फोन. माझा फोन त्या रेघेत आधीपासून होता.

१९ सप्टेंबर, गुरुवार

रेडिओबाईंकडून आधीच्या टेक्निशियनचा नंबर मिळवला. दुपारी पायऱ्यांवर बसून बोलले. माझं नाव, गाव त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की तीन नंबर अजून चालू आहे का, आणि कुणाला सांगितलंत का.

मी सगळं सांगितलं, आईच्या न उघडलेल्या फाइलसकट. मग म्हणाले की शेवटाच्या आधी उडी दिसते ना, ती उडी आपली असते. बघणाऱ्याची. बघितलं की माणूस गप्प राहू शकत नाही, काहीतरी करतो, आणि ते करणं त्यात आधीच धरलेलं असतं. त्यांनी गंमत म्हणून बायकोला डबी लावली होती. तिची वेळ बघितली आणि त्या दिवशी तिच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब गेले, आपल्या हातून काही नको म्हणून. न सांगता गेले. ती दिवसभर त्यांना शोधत फिरली, हॉस्पिटलांत फोन केले, आणि त्या धसक्यानेच गेली.

डबी तेव्हाच मोडून का टाकली नाहीत, असं विचारलं. म्हणाले, मोडून काय होणार? झालेली रेकॉर्डिंग थोडीच मोडतात.

शेवटी म्हणाले, आईची फाइल उघडू नका, बाई. पाया पडतो तुमच्या.

२० सप्टेंबर, शुक्रवार

उघडली.

रात्रंदिवस तेच डोक्यात होतं, न बघता श्वास घेववेना. अकरा वर्षं असतील तर सुखाने झोपता येईल, असं वाटलं.

शनिवार, २८ सप्टेंबर. दुपारी चार वाजून नऊ मिनिटांनी उडी. चार बाराला —

आठ दिवस.

२१ सप्टेंबर, शनिवार

मोठ्या डॉक्टरांसमोर सगळे तुकडे ठेवले. त्यांनी शांतपणे बघितले. म्हणाले की घड्याळाचा बिघाड आहे, जुनी रेकॉर्डिंग मिसळली आहेत, आणि तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. मी हट्टच धरला. त्यांचा आवाज उतरला. तीन नंबरची डबी दुरुस्तीला पाठवून दिली आणि तो फोल्डर माझ्यासमोर पुसला.

आता दाखवायलाही काही राहिलं नाही. फक्त मला माहीत आहे.

२३ सप्टेंबर, सोमवार

आईशी नेहमीसारखं वागायचं. हसायचं. डोळ्यांत बघायचं नाही.

आज तिने विचारलं की तुझं काय बिनसलंय, नोकरी गेली का. म्हटलं, पोट बिघडलंय. तिने लगेच लिंबू-पाणी करून आणलं आणि संपेपर्यंत समोर बसून राहिली. इतकं रडू आलं की संडासात जाऊन नळ सोडला.

कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून इथे लिहिते. नाहीतर तोंडातून निघून जाईल.

२५ सप्टेंबर, बुधवार

लांब जाऊन उपयोग नाही, ते आधीच्या टेक्निशियननी करून बघितलं. सांगून उपयोग नाही, ते मी करून बघितलं. मग राहतं ते एकच: जवळ राहायचं आणि काहीच करायचं नाही. चार नऊला खोलीत काही म्हणजे काहीच घडू द्यायचं नाही. उडीच झाली नाही तर पुढचं कसं होईल?

सिस्टरना गयावया केली. शनिवारी आईला वॉर्डात ठेवतील, नेहमीची तपासणी म्हणून. शॉक द्यायचं यंत्र दहा पावलांवर. मोठे डॉक्टर खालीच असतील. आईला सांगितलं की कर्मचाऱ्यांच्या घरच्यांची वार्षिक तपासणी असते. ती म्हणाली, बरं, मग चांगली साडी नेसते.

२६ सप्टेंबर, गुरुवार

झोप नाही. आज दोन ईसीजींत वायरी उलट जोडल्या, डाव्या हाताची उजव्याला. सिस्टरनी हातातून काढून घेतल्या.

आईला तपासणीचं खोटं वाटतंय. बघत राहते माझ्याकडे. जेवताना बघते, केस विंचरताना बघते. माझं तोंड — काय करू या तोंडाचं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज ती आपणहून म्हणाली की एवढी घाबरतेस कशाला, मी कुठे जात नाही.

मी उठून भांडी घासायला घेतली.

तीस तासही उरले नाहीत.

२८ सप्टेंबर, शनिवार

दुपारी १.३० — वॉर्डात आहोत. खिडकीजवळची खाट. मॉनिटर लावला आहे, ठोके ७२. बाकीच्या तीन खाटा रिकाम्या. आईने सिस्टरांशी मैत्री केली, त्यांच्या गुडघेदुखीवर उपाय सांगत होती.

२.२० — माझा फोन बंद केला. आईचा बंद केला. रेडिओबाईंना सांगितलं की वर कुणालाही पाठवू नका, कसलाही निरोप नको. घड्याळ भिंतीवरून काढून खाटेखाली ठेवलं, वेळ मला मॉनिटरच्या कोपऱ्यात दिसते. खिडकी लावली.

३.०५ — ७४. आई झोपली आहे. झोपेतच राहू दे. पाच वाजेपर्यंत झोपू दे, मग मी जन्मभर काही मागणार नाही.

३.४० — उठली. म्हणते, तू अशी का दिसतेस. मी वहीत मान घातली. वहीत मान घातली की तोंड दिसत नाही. आता वर बघायचंच नाही. लिहीत राहायचं. काहीही.

३.५२ — ७३. हात धरून बसली आहे माझा, डावा. मी उजव्याने लिहिते. तिचा हात ऊबदार आहे. विचारलं, काय लिहितेस एवढं. ऑफिसचं, म्हटलं. आवाज बरोबर आला.

४.०० — ७४. सिस्टर दाराबाहेर बसल्यात. सांगितल्याप्रमाणे आत येणार नाहीत. शांत आहे सगळं. बारा मिनिटं. नऊ मिनिटं खरं तर. नुसतं लिहायचं. ७४. ७४. ७३.

४.०५ — आई गप्प आहे. बरं आहे. मी हलत नाही. देवा, नऊ आणि बारा एवढे दोनच आकडे जाऊ देत, चार बाराच्या पुढे माझी आई जिवंत असू दे, तिला काहीच कळू देऊ नको

४.०८ — ७४. होणार नाही. काही घडतच नाहीये. दार बंद. फोन बंद. मी बोलले नाही, रडले नाही, तोंड दाखवलं नाही. कशाने उडी येईल? ७५. कशानेही नाही

४.०९ — ९६

११८. का? कुणी आलं नाही. आवाज नाही. तिच्या हाताची पकड — मान वर केली. आई उशीवरून माझ्याकडे वाकली आहे, चष्मा लावून, किती वेळची कोण जाणे, आणि माझ्या तोंडाकडे बघत नाहीये, ती या पानाव